‘शुक्रतारा’ : एका भावगीताच्या टिकाऊपणाची मीमांसा

प्रस्तावना

मंगेश पाडगांवकर यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांनी गायिलेले ‘शुक्रतारा’ हे युगुलगीत १९६२ साली आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून श्रोत्यांपर्यंत पोहोचले. त्यास आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. संगीतकार २०११ साली, गीतकार २०१५ साली आणि गायक २०१८ साली निवर्तले. ज्या रेडिओवरून ते आले त्या रेडिओचे घरातील स्थान पूर्वीचे राहिलेले नाही. पुढे ज्या कॅसेटवर ते घराघरांत गेले ती कॅसेट तर दुकानांतूनही नाहीशी झाली. गीत मात्र मागे पडलेले नाही. लग्नाच्या चित्रफितींखाली ते वाजते, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत गायिले जाते, आणि ज्यांना त्याचा कवी ठाऊक नाही अशा विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरही ते सापडते. या टिकाऊपणाची कारणे केवळ चालीच्या गोडव्यात किंवा गतकाळाच्या ओढीत शोधणे पुरेसे नाही. ती गीताच्या रचनेत, विशेषतः त्यातील दोन्ही वक्त्यांना मिळालेल्या समान दर्जात आहेत, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

या भूमिकेपर्यंत येण्यास प्रस्तुत लेखिकेला वेळ लागला, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. एम.फिल.साठी मराठवाड्यातील ग्रामीण कवितेचा अभ्यास करीत असताना ‘भावगीत’ हा शब्द आम्ही अभ्यासक काहीसे नाक मुरडूनच उच्चारीत असू. शहरी, मध्यमवर्गीय, सुरक्षित जीवनाची हळवी निर्मिती, असे एक ठरलेले वाक्य भावगीताविषयी लिहिले की पुढील प्रकरणाकडे जाता येई. माझ्याही प्रबंधिकेत ते वाक्य आहे.

वास्तविक माझ्या स्वतःच्या घरातील अनुभव या वाक्याला छेद देणारा होता. नव्वदच्या दशकात आमच्या घरी खुंटीला ट्रान्झिस्टर अडकवलेला असे. परभणी केंद्रावर हे गीत लागले की आई भाकरी थापता थापता उठून आवाज मोठा करी. आजोबा ओसरीवर आल्याची चाहूल लागताच तोच पिठाचा हात पुन्हा बटणाकडे जाई आणि आवाज लहान होई. गाणे बंद मात्र ती करीत नसे. ज्या गीताला आम्ही ‘सुरक्षित’ ठरवले होते, त्याचा आवाज तिला लहान करावा लागत होता. यात काय दडले होते, हा प्रश्न मला अभ्यासक म्हणून फार उशिरा पडला.

स्त्रीचे प्रेम आणि तिचा आवाज

आमचा भाग स्त्रीच्या काव्यवाणीला पारखा नाही. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. आमच्या हिंगोलीजवळील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान असल्याचे परंपरा मानते. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल त्यांच्याबरोबर दळतो, त्यांची वेणीफणी करतो, त्यांच्या कष्टांचा वाटेकरी होतो. मराठीत स्त्रीने पुरुषवाचक ‘तू’ इतक्या जवळिकीने उच्चारल्याचे हे फार जुने उदाहरण होय. परंतु हा ‘तू’ देव आहे, आणि देवाशी सलगी करणाऱ्या स्त्रीला समाज अखेर पूज्य ठरवून आपली सुटका करून घेतो.

जात्यावरील ओव्यांचे विश्व याहून विस्तृत आहे. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. या ओव्यांत भावाशी, आईशी, लेकीशी, पंढरीच्या विठूशी बोलणारी स्त्री पावलोपावली भेटते. पतीविषयीही ती बोलते. त्याच्या नावाचे कुंकू मिरवते, कधी कोपते, कधी सासूच्या आडून त्याला टोचते. पण त्याला समोर ठेवून, त्याच्या डोळ्यांत पाहून स्वतःसाठी काही मागणे हे तेथे विरळ आहे. ओवीचा श्रोता शेजारची दळणारी बाई असते, नवरा नसतो.

लावणीत हे मागणे आहे आणि ते उघड आहे. तथापि रामजोशी, होनाजी बाळा, प्रभाकर यांच्या लावण्यांतील बोलणारी स्त्री ही पुरुष शाहिरांनी उभी केलेली आहे, आणि ती लावणी फडावर गाणाऱ्या स्त्रीची जात, तिची उपजीविका व तिची सामाजिक किंमत यांपासून वेगळी काढता येत नाही. शृंगाराची भाषा समाजाने तिच्यावर सोपवली आणि घरातील स्त्रीला त्या भाषेपासून मोकळे केले, की वंचित केले, हा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे. संगीत रंगभूमीने कुलीन नायिकेचे प्रेम रसिकमान्य केले खरे, परंतु त्या प्रेमाचा सर्वांत लोकप्रिय आवाज बालगंधर्वांचा, म्हणजे पुरुषाचा होता.

येथे ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या गीताचा उल्लेख आवश्यक ठरतो. ध्वनिमुद्रित मराठी भावगीताचा इतिहास पुष्कळदा या गीतापासून सांगितला जातो. ना. घ. (१९०९–२०००) हे बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरला वकिली करणारे कवी. मेहकर आमच्या सेनगाव तालुक्यापासून फार दूर नाही, हे भावगीताला सर्वस्वी पुण्या-मुंबईचे अपत्य मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे (त्यांत काल-परवापर्यंत मीही होते). १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांनी ‘शीळ’ गायिले. त्या गीतात बोलणारी व्यक्ती स्त्री आहे. ध्वनिमुद्रिकेवर ऐकू येणारा आवाज पुरुषाचा आहे. त्या काळच्या श्रोत्यांना यात काही विसंगती वाटल्याचे दिसत नाही, आणि तेच बोलके आहे.

पुढे ज्योत्स्ना भोळे, माणिक वर्मा आदी गायिकांनी भावगीत घरोघरी नेले. त्यामुळे ‘शुक्रतारा’ने स्त्रीला प्रथमच आवाज दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याचे वेगळेपण असे की येथे स्त्री स्वतःच्या आवाजात, पुरुषाला समोर ठेवून, त्याने जे मागितले तेच त्याच्याकडे मागते. ती कोणा सखीला सांगत नाही, देवाला आळवीत नाही, विरहात झुरतही नाही. शब्द पुरुष कवीचेच आहेत, ही मर्यादा येथेही उरते. पण कवीने अर्धे गीत तिला दिले आहे, आणि मोजून अर्धे दिले आहे.

रचनेतील समता

‘शुक्रतारा’मध्ये चार कडवी आहेत. पहिले पुरुषाचे, दुसरे स्त्रीचे, तिसरे पुरुषाचे, चौथे स्त्रीचे. प्रत्येक कडवे एकाच ध्रुवपदाशी येऊन थांबते. पुरुष ते म्हणतो तेव्हा त्यात ‘अशी’ हा शब्द येतो, स्त्री म्हणते तेव्हा ‘असा’. संपूर्ण ध्रुवपदात एवढाच फरक आहे. मराठीत विशेषणवजा शब्द समोरच्या व्यक्तीच्या लिंगानुसार बदलतो. त्यामुळे बोलणाऱ्याविषयी काहीही न सांगता ज्याच्याशी बोलणे चालले आहे त्याचे रूप वाक्यात उमटते. कवीने व्याकरणाचा हा साधा नियम असा वापरला आहे की एका स्वराच्या फरकाने विनंतीची दिशा उलटते आणि विनंती तीच राहते.

आता वृत्ताकडे पाहू. गीताचे मोठे चरण ‘गालगागा’ या गणाच्या तीन आवृत्त्या आणि शेवटी ‘गालगा’ अशा बांधणीचे, म्हणजे सव्वीस मात्रांचे आहेत. ध्रुवपद याच बांधणीचा तोकडा तुकडा आहे : एक ‘गालगागा’ आणि एक ‘गालगा’, एकूण बारा मात्रा. ‘अशी’ आणि ‘असा’ हे दोन्ही शब्द लघु-गुरू अशाच वजनाचे असल्यामुळे लिंग बदलले तरी वृत्ताला धक्का लागत नाही. वर्गात फळ्यावर हे मांडून दाखवले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “म्हणजे मॅडम, दोघांचं वजन सारखंच भरतं?” छंदशास्त्राच्या तासाला मला मिळालेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर होकारार्थी आहे.

लांब चरणांनंतर अचानक येणाऱ्या या आखूड ध्रुवपदाचा परिणामही पाहण्यासारखा आहे. मोठ्या चरणांत निसर्ग आहे, उपमा आहेत, थोडी सजावट आहे. ध्रुवपदात सजावट नाही. रोजच्या बोलण्यातील साधे शब्द, आणि एक मागणे. खळे यांच्या चालीने हे ओळखले आहे. ध्रुवपदाशी येताना ती कसलाही चमत्कार करीत नाही, बोलल्यासारखी उतरते. खळे यांच्या अनेक चाली गायला अवघड आणि ऐकायला सोप्या असतात, असे संगीतातील सहकारी सांगतात. या चालीतील अवघडपणा श्रोत्याला शेवटपर्यंत कळत नाही.

गीतातील मागणे नेमके काय आहे, याचाही विचार व्हावा. येथे ‘माझी हो’ किंवा ‘माझा हो’ असे कोणी म्हणत नाही. लग्नाचा उल्लेख नाही, शपथ नाही, साताजन्मांचे वचन नाही. ‘आज’ हा शब्द मात्र पुन्हा पुन्हा येतो. जवळ राहण्याची विनंती आणि तीही आजपुरती, एवढाच या प्रेमाचा विस्तार आहे. मालकी सांगणारे प्रेमगीत ज्याच्या तोंडी शोभते त्याच्याच तोंडी शोभते. विनंती करणारे गीत कोणालाही स्वतःचे म्हणून गुणगुणता येते.

या ‘आज’चे नाते गीताच्या पहिल्याच प्रतिमेशी आहे, हे मला आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी लक्षात आणून दिले. शुक्र हा तारा नव्हे, ग्रह आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण तो आकाशात सूर्यापासून सुमारे ४७ अंशांहून अधिक दूर कधीच दिसत नाही. त्यामुळे तो सायंकाळी पश्चिमेला दिसला तर फार तर तीनेक तासांत मावळतो, आणि पहाटे पूर्वेला दिसला तर उजाडताच दिसेनासा होतो. मध्यरात्रीच्या आकाशात शुक्र आपल्याकडे कधीही नसतो. गीतातील वेळ सांजेची की पहाटेची हे कवीने स्पष्ट केलेले नाही, परंतु दोन्ही पक्षी ती थोडीच आहे. पाडगांवकरांच्या मनात हे गणित असेल असा माझा दावा नाही. मात्र शुक्राची चांदणी लवकर जाते हे शेतावर रात्री पाणी धरणाऱ्या कोणाही माणसाला माहीत असते, आणि त्या माणसाला विनंतीतील घाई न सांगता समजते.

प्रतिमांविषयी एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. चंद्र, चांदणे, वारा, फूल, गंध : यांतील एकही प्रतिमा नवी नाही. पाडगांवकरांच्या ‘जिप्सी’सारख्या संग्रहाशी तुलना केली तर हे गीत प्रतिमेच्या दृष्टीने फिके वाटते. पण कविता वाचणाऱ्याला मागचे पान उलटता येते. रेडिओच्या खरखरीतून एकदाच ऐकणाऱ्याला ती सोय नसते. ओळखीच्या प्रतिमा ऐकणाऱ्याचा हात धरून त्याला चटकन ध्रुवपदापाशी नेतात. शिवाय चौथ्या, स्त्रीच्या कडव्यातील शेवटची प्रतिमा अपवाद ठरते. फुलांच्या भाराने वाकलेल्या फांदीची ही उपमा ती स्वतःच्या जिवाला देते. गीताच्या पूर्वार्धात पुरुषासमोर लाजणारे फूल असलेली ही स्त्री अखेरीस फूल राहत नाही, फुले पेलणारी फांदी होते. समीक्षेने या बदलाची जितकी दखल घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही.

दोन परके आवाज

प्रमाण मराठीतील जवळिकीचा नमुना म्हणून ज्या गीताकडे पाहिले जाते त्याचे दोन्ही आवाज मराठीच्या तथाकथित केंद्रातून आलेले नाहीत, ही बाब आमच्यासारख्या भागातील अध्यापकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी अशी आहे. अरुण दाते (१९३४–२०१८) यांचा जन्म इंदूरचा. कुमार गंधर्व आणि के. महावीर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. व्यवसायाने ते वस्त्रोद्योगातील अभियंते होते, आणि मराठी भावगीताकडे येण्यापूर्वी उर्दू गझल गात होते. सुधा मल्होत्रा यांचा जन्म दिल्लीचा, पंजाबी कुटुंबातला. हिंदी चित्रपटांच्या पार्श्वगायिका म्हणून त्या प्रसिद्ध होत्या. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हे.

आमचे विद्यार्थी वर्गात बोलताना ‘आपली भाषा शुद्ध नाही’ म्हणून गप्प बसतात. मराठवाडी आणि वऱ्हाडी यांच्या सीमेवरची त्यांची बोली त्यांनी घरी ठेवून यायची असते, असा अलिखित नियम त्यांनी शाळेपासून पाळलेला असतो. प्रेमाची, नाजूक भावनेची भाषा तर पुस्तकीच असली पाहिजे, अशी त्यांची समजूत. जी स्त्री या गीतात मराठीत लाजते, मागते, आणि वाकलेल्या फांदीसारखी बोलते, तिच्या घरी मराठी बोलली जात नव्हती, हे कळल्यावर वर्गातील एक-दोन चेहरे जरा सैल झालेले मी पाहिले आहेत.

गीताच्या वजनाचे मूळही असेच दूरचे आणि तरीही जवळचे आहे. ‘गालगागा’च्या तीन आवृत्त्या व ‘गालगा’ ही बांधणी फारसी-उर्दू छंदशास्त्रात ‘रमल’ या बहरीचे एक रूप म्हणून ओळखली जाते. गालिबच्या दीवानातील पहिली गझल याच वजनात आहे. मराठीत फारसी वृत्ते व गझल रुजवण्याचे मोठे श्रेय माधव जूलियन (१८९४–१९३९) यांना जाते. ‘गज्जलांजली’ आणि ‘छंदोरचना’ हे त्यांचे ग्रंथ या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. म्हणजे गझल गाणाऱ्या गायकाला मराठीत जे पहिले मोठे गीत लाभले तेही त्याच्या कानाला सवयीच्या चालीने चालणारे होते.

मराठवाड्याचा कान या वजनाला मुळीच परका नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. शाळेची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. वली आणि सिराज या उर्दू गझलेच्या पायाभरणी करणाऱ्या कवींचे नाते औरंगाबादशी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरशी आहे. जुन्या पिढीतील ज्यांना मराठी लिहिण्यापूर्वी उर्दू लिहिता येत होते, अशा आमच्या गावांतील वडीलधाऱ्यांना हे गीत ‘बामणी’ का वाटले नाही, याचे एक उत्तर येथे असू शकेल. आजोबांच्या कानावरून आईने आवाज लहान केला तरी ते गीत गेले असणार. त्यांनी ते बंद करावयास सांगितल्याचे मला आठवत नाही.

चेहरा नसलेले गीत

चित्रपटगीताला चेहरा असतो. कोणी तरी नट आणि नटी ते आपल्यासाठी आधीच जगून टाकतात. ‘शुक्रतारा’ रेडिओसाठी जन्माला आल्यामुळे त्याला प्रसंग नाही, नायक-नायिका नाहीत, घर नाही, बाग नाही, आडनावही नाही. याच्या उलट प्रवास पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातील एका प्रसिद्ध प्रेमगीताने केला. ‘अनचेन्ड मेलडी’ हे गीत १९५५ साली ‘अनचेन्ड’ या तुरुंगावरील चित्रपटासाठी ॲलेक्स नॉर्थ व हाय झॅरेट यांनी रचले. चित्रपट लोक विसरले. गीत १९६५ साली राइटियस ब्रदर्सच्या आवाजात आणि पुन्हा १९९० साली ‘घोस्ट’ या चित्रपटामुळे जगभर पोहोचले. टिकण्यासाठी त्या गीताला आपली जन्मकथा टाकून द्यावी लागली. ‘शुक्रतारा’कडे टाकून देण्यासारखे काही नव्हतेच. ज्या समाजात नवरा-बायको चारचौघांत एकमेकांचे नाव घेत नसत, त्या समाजात दोन अदृश्य व्यक्तींचे बोलणे स्वयंपाकघरात चालू राहणे शक्य होते, कारण ते कोणाचेच नव्हते. माझी आई ते ‘ऐकत’ होती, ‘म्हणत’ नव्हती. पण ऐकताना म्हणणे काय असते ते तिला कळत असणार.

याच कारणाने या गीताचे आजचे उपयोगही परस्परविरोधी आहेत. दोन्ही घरांनी ठरवलेल्या, पत्रिका-हुंडा-मानपान यांतून पार पडलेल्या विवाहाच्या चित्रफितीला हे गीत लावले जाते. ज्या दोघांना एकमेकांकडे पाहून काही मागण्याची मुभा कोणी दिली नव्हती त्यांच्या तोंडी ते विनंतीचे शब्द जोडले जातात. यास ढोंग म्हणता येईल. मला ते पूर्णपणे ढोंग वाटत नाही. घडून गेलेल्या गोष्टीला घडायला हवे होते तसे दाखवण्याची ती धडपड आहे.

भुकेचा आक्षेप

या गीतावरील सर्वांत गंभीर आक्षेप असा की त्यात कष्ट नाहीत, जात नाही, भूक नाही. ‘शुक्रतारा’नंतर दहाच वर्षांनी, १९७२ साली, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि मराठी कवितेच्या भाषेचा पायाच हलला. त्या कवितेशेजारी ठेवल्यावर हे चांदणे कोणाच्या अंगणातले, हा प्रश्न टाळता येत नाही. पाडगांवकरांच्या बाजूने ‘सलाम’कडे बोट दाखवले जाते, १९८० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला तो संग्रह भित्र्या, लाचार सामान्य माणसाचा उपरोधाने समाचार घेतो. परंतु कवीच्या दुसऱ्या पुस्तकाने या गीताचा बचाव करणे मला योग्य वाटत नाही. गीताने स्वतःच्या पायावर उभे राहिले पाहिजे.

योगायोग असा की हाच आक्षेप सुधा मल्होत्रा यांनी तीन वर्षे आधी दुसऱ्या एका युगुलगीतात ऐकून घेतला होता. १९५९ सालच्या ‘दीदी’ या हिंदी चित्रपटातील साहिर लुधियानवी यांचे गीत त्यांनी मुकेश यांच्यासह गायिले, आणि त्याची चालही त्यांचीच होती. त्यात स्त्री प्रेम मांडते आणि पुरुष तिला समजावतो की भुकेल्या जगात प्रेम हेच एकमेव सत्य नव्हे. साहिरचे म्हणणे खरे आहे. तरी त्या गीतातील पुरुष भुकेचे कारण पुढे करून स्त्रीला उत्तर देण्याचे टाळतो, असेही मला प्रत्येक वेळी ऐकताना वाटते. ‘शुक्रतारा’तील पुरुष जगाविषयी काहीच बोलत नाही; तिच्या बोलण्याला मात्र उत्तर देतो.

आक्षेपाचे याहून थेट रूप मला वर्गात भेटले. मराठवाड्यातून दरवर्षी असंख्य कुटुंबे ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. उचल जोडीला मिळते, काम जोडीने होते. अशा घरातील एक विद्यार्थी गीतावरील चर्चा संपताना म्हणाला, “आमचे आई-बाबा दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत एकाच कोयत्यात असतात, मॅडम. जवळ राहा म्हणायची त्यांना गरजच नाही.” वर्ग हसला. तो हसला नाही. थोड्या वेळाने त्याच्या शेजारचा म्हणाला, “पण खोपीत बोलायला जागा कुठं असते?” पाचटाच्या, ताडपत्रीच्या त्या खोपीत लेकरे असतात, शेजारची खोप हातभरावर असते, आणि पहाटे बैलगाडी जुंपायची असते.

या दोन वाक्यांनी माझे गीताचे वाचन बदलले. सान्निध्य आणि सोबत या एक गोष्टी नव्हेत. श्रमाची व्यवस्था दोघांना एका कोयत्यात बांधते, पण त्यांना एकमेकांकडे पाहण्याची फुरसत आणि आडोसा देत नाही. गीतातील स्त्री-पुरुषांपाशी नेमकी हीच दोन सुखे आहेत : थोडा वेळ आणि कोणी नसलेली जागा. ती सुखे कोणाला आपोआप मिळतात आणि कोणाला जन्मभर मिळत नाहीत, हा प्रश्न गीत विचारीत नाही. तो विचारण्याचे काम वाचकाचे, आणि अध्यापकाचेही. परंतु ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांना त्यांची इच्छाच नसते, असे आमच्या प्रबंधिकांनी जे गृहीत धरले होते ते चुकीचे होते. त्या विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये हे गीत होते. कोणासाठी ठेवले आहे, असे मी विचारले नाही.

गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘शुक्रतारा’ गायिले. कार्यक्रम लांबला होता, पुढे नृत्याचे सात गट वेशभूषा करून उभे होते, म्हणून सूत्रसंचालकाने तीन कडव्यांनंतर थांबण्याची खूण केली. मुलगा थांबला. हार्मोनियमवरील सहकाऱ्यांनीही भाता सैल सोडला. मुलीने एकदा त्यांच्याकडे, एकदा सूत्रसंचालकाकडे पाहिले आणि साथीविनाच चौथे कडवे सुरू केले. पहिल्या चरणानंतर हार्मोनियम तिच्या मागून आली.